साखर मोजतो, मग दम का नाही?

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात आरोग्य शिबिर होतं. मी शाळेत क्रीडाशिक्षक. अशा ठिकाणी नावं लिहून घ्यायला, रांग लावायला मला हमखास बोलावतात. रांगेत बहुतेक विडी वळणाऱ्या बायका होत्या. त्यातल्या एका अक्कांचं वजन भरलं ४७ किलो आणि बोट टोचून बघितलं तर जेवणानंतरची साखर २६४. यंत्र चुकलं असेल म्हणून त्यांनी दुसरं बोट पुढे केलं. आकडा जवळजवळ तोच आला. "सर, मी एवढी बारीक. शुगर जाड माणसांना होते ना?" त्यांनी मला विचारलं. मी गप्प राहिलो.

डॉक्टर वरच्या मजल्यावर बसले होते. जिना अठरा पायऱ्यांचा. अक्का दहाव्या पायरीवर थांबल्या. एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावला, आणि मागच्या बायकांना "जावा तुम्ही पुढे" म्हणाल्या. वय ४३.

त्यांच्या कागदावर वजन लिहिलं गेलं, रक्तदाब लिहिला गेला, साखर लिहिली गेली. दहाव्या पायरीवर त्या थांबल्या, हे कुठेच लिहिलं गेलं नाही. कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रकाना हवा. आणि तो भरल्यावर जे दिसेल, त्याची जबाबदारी एकट्या अक्कांवर टाकून शहराला मोकळं होता येणार नाही.

आपल्याकडे त्या रकान्यासाठी चांगला शब्द आधीपासून आहे: दम. तालमीतला वस्ताद पोराला जोर-बैठका मारायला लावतो आणि लांबून नुसतं बघतो, पोराचा दम किती आहे ते. डॉक्टर त्याला हृदय-श्वसन क्षमता म्हणतात. फुप्फुसांनी हवेतून प्राणवायू घ्यायचा, हृदयाने तो रक्तातून ढकलायचा, रक्तवाहिन्यांनी पोचवायचा आणि स्नायूंनी तो वापरून काम करायचं. ही साखळी जास्तीत जास्त किती प्राणवायू हाताळू शकते, तो माणसाचा दम. साखळीतली एक कडी जरी ढिली झाली तरी पायरीवर कळतं. म्हणून तर हा आकडा इतका बोलका आहे. २०१६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्टच सांगितलं की रक्तदाब आणि नाडी जशी तपासतो तसा दमही नेहमीच्या तपासणीत धरला पाहिजे. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ट्रेडमिलवर तपासलेल्या १,२२,००७ लोकांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. ज्यांचा दम सगळ्यात कमी, त्यांच्या मृत्यूचा धोका सगळ्यात जास्त; आणि कमी दमाचा हा धोका धूम्रपान किंवा मधुमेह यांच्या धोक्याइतकाच, काही तुलनांत त्याहून मोठा.

यावर एक शंका रास्त आहे. आजारी माणसाचा दम मुळातच कमी असतो, मग दम कमी म्हणून आजार आला की आजार आला म्हणून दम गेला? नुसत्या नोंदी बघून हे कळत नाही. त्यासाठी माणसांचे गट पाडून, एका गटाला व्यायाम देऊन आणि दुसऱ्याला न देऊन बघावं लागतं. तेही झालेलं आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर सहा वर्षं असा प्रयोग झाला. नुसता व्यायाम वाढवलेल्या गटात मधुमेहाचा धोका ४६ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच ५३१ भारतीयांवर प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि रोजचं चालणं यांनी धोका साधारण २८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र देऊनही त्यात वेगळी भर पडली नाही. म्हणजे चालण्याची ताकद गोळीच्या तोडीस तोड निघाली. गोळी फुकट वाटायची व्यवस्था आपण उभी केली. चालण्यासाठी काय उभं केलं?

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याला उत्तर आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रातच शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असतो. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या एका सहकारी डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांची उंची-वजनाची गुणोत्तरं तंतोतंत सारखी, २२.३. पण गोऱ्या डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तो काटा अक्कांना "तुम्ही बारीक" म्हणाला आणि अक्कांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या अंगात कमी होती ती चरबी नव्हे. कमी होता तो स्नायू.

आणि साखरेचा सगळा हिशेब येऊन ठेपतो तो स्नायूंपाशी. आपण भाकरी खाल्ली, तिची साखर रक्तात आली, इन्सुलिनने इशारा दिला, की त्या इशाऱ्यावर उचलल्या जाणाऱ्या साखरेतला सगळ्यात मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू थोडा असेल, बसून बसून सुस्त झाला असेल, त्याच्या पेशींत चरबीचे कण साचले असतील, तर तो इन्सुलिनला दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं आणि एक दिवस थकतं. पण निसर्गाने स्नायूला दुसरं एक दार दिलं आहे, आणि मला ही गोष्ट दर वेळी मुलांना सांगताना नव्याने आनंद होतो. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या आतल्या ग्लुट-४ नावाच्या साखरवाहक प्रथिनाचे रेणू आपोआप पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. त्यासाठी इन्सुलिनचा इशारा लागत नाही. ज्याच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा झाल्या आहेत, त्याचंही हे दार चालण्याने उघडतं. व्यायाम थांबल्यावरही पुढचे एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतो. महिनोन्‌महिने व्यायाम चालू ठेवला तर पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या छोट्या भट्ट्या, वाढतात, यकृतातली आणि पोटातली चरबी उतरते, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब खाली येतो. यातलं बरंचसं वजन एक किलोनेही न घटता होऊ शकतं. "महिनाभर चाललो, काटा हलला नाही, सोडून दिलं" असं म्हणणारे मला आठवड्याला चार भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं, अहो, काटा बघू नका, जिना बघा.

एक-दोन दिवस, हे मात्र नीट लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्या सोलापुरात कोजागरीला तुळजापूरची पायी वारी असते. साधारण ४५ किलोमीटर. रात्रभर रस्ता माणसांनी फुललेला असतो, आणि त्यात अशी माणसं असतात की जी एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात दुचाकीवर जातात. पायाला फोड येतात, पण पोचतात. आईच्या ओढीने शरीर काय करू शकतं याचा हा दाखला मी दर वर्षी डोळे भरून बघतो. पण कोजागरीच्या त्या रात्रीचा साखरेवरचा परिणाम दिवाळीपर्यंत टिकत नाही. दम साठवून ठेवता येत नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. त्यांचा दम पाव हिश्शाहून जास्त उतरला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम खाल्ला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने खाल्ला होता. आणि पन्नाशीतल्या त्या माणसांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, तर वयाने गेलेला दम परत आला. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझे मित्रच माझ्याशी भांडतात तो. एक जुने कामगार कार्यकर्ते मला तोंडावर म्हणाले, "दिवसभर राबणाऱ्या माणसाला तुम्ही व्यायाम सांगता? हे चोचले बंगल्यातल्या लोकांना सांगा." त्यांचा राग मी समजू शकतो. अर्धं म्हणणं मला मान्यही आहे, त्याकडे पुढे येतो. पण राबणं म्हणजे व्यायाम, हा समज आपल्या शहराला फार महाग पडतो आहे.

विडीचं काम जवळून बघा. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूट तंबाखू पसरायचा, गुंडाळायचं, टोक मुडपायचं, दोरा आवळायचा. हजार विड्या व्हायच्या तर हे हजार वेळा. बोटं विजेसारखी चालतात आणि कमरेखालचं सगळं शरीर तासन्‌तास दगडासारखं असतं. मांडी घातलेली, फार तर एक पाय लांब केलेला. संध्याकाळी ती बाई उठते तेव्हा तिची पाठ, मान, खांदे ठणकत असतात. ती दमलेली असते, आणि तिच्या हृदयाला दिवसभरात एकदाही जोराने धडधडावं लागलेलं नसतं. यंत्रमागावरच्या माणसाचं वेगळं. तो बारा बारा तास उभा. मागांच्या मधल्या पट्टीत येरझारा, धागा तुटला की गाठ, धोट्यातली कांडी संपली की दुसरी. पाय भरून येतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, कानठळ्या बसतात, नाकात कापसाचा फुफाटा जातो. पण चाल इतकी संथ की श्वास कधी वाढत नाही. शरीर झिजतं, पण तयार होत नाही. कामातली मेहनत आणि मोकळ्या वेळातला व्यायाम यांचा हृदयावर सारखा परिणाम होत नाही, असं अलीकडे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्याच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद आहे, पण संथ, तासन्‌तास, विसाव्याविना केलेलं काम दम वाढवत नाही हे शरीराच्या नियमाला धरूनच आहे.

उलटा दाखलाही आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला. घर, पगार, वस्ती साधारण सारखीच. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसभर बसचा जिना वर-खाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा. म्हणजे कामातूनही दम मिळतो, पण कधी? काम श्वास वाढवत असेल तेव्हा. कसोटी थकव्याची नसून श्वासाची आहे.

आणि इथेच आपली सरकारी पाहणी फसते. आशाताई तिशीच्या पुढच्या माणसांसाठी घरोघर जो तक्ता भरतात, त्यात व्यायामाचा प्रश्न आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? प्रश्न योग्य आहे. पण विडी वळणारी बाई त्याला काय उत्तर देणार? "व्हय बाई, दिवसभर कामच असतंय की." खूण पडते, पाहणी पुढच्या घरी जाते. तिला कमी गुण मिळाले म्हणजे धोका कमी, असा अर्थ निघतो. प्रश्न विचारण्याऐवजी एक छोटी चाचणी घेतली तर असं होणार नाही. महागडं ट्रेडमिल नको. सहा मिनिटांत माणूस सपाटीवर किती मीटर चालतो, हे जगभर दवाखान्यांत मोजतात. त्याला तीस मीटरची पडवी, दोन खुणा आणि घड्याळ पुरतं. ठरलेल्या उंचीच्या पाटावर तीन मिनिटं चढ-उतार करून नाडी मोजायची पद्धतही जुनी आहे. आम्ही क्रीडाशिक्षक ती मुलांवर वापरतोच. प्रत्येक शिबिरात, प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात साखरेच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहावा, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस आला की पुन्हा लिहावा. ज्याच्या छातीत दडपतं, ज्याला इन्सुलिन चालू आहे, ज्याच्या तळपायाला स्पर्श कळत नाही, त्याला आधी डॉक्टरांनी बघावं, मग चालवावं. साखर अचानक उतरून चक्कर येऊ शकते, बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. हे धोके खरे आहेत, पण ते व्यायाम नीट सांगण्याचं कारण आहेत, न सांगण्याचं नाही.

नीट सांगणं म्हणजे काय? "रोज चालत जा" एवढं पुरत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली मधुमेही लोकांचे गट करून एका गटाला एका संथ लयीत चालवलं, दुसऱ्याला तीन मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून पालटून. दोन्ही गटांनी ऊर्जा सारखीच खर्च केली. चार महिन्यांनी दम वाढला आणि साखर सुधारली ती दुसऱ्याच गटात. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी गप्पा मारत चालणारी मंडळी बघितली की मला हा प्रयोग आठवतो. गप्पा जरूर माराव्यात, जीवाला बरं वाटतं. पण मधूनमधून अशी तीन मिनिटं यावीत की वाक्य पुरं करता येऊ नये.

आता त्या कार्यकर्त्यांच्या म्हणण्यातला खरा अर्धा भाग. विडीची मजुरी हजारावर मिळते. यंत्रमागावरचीही कामावर. अशा माणसाच्या आयुष्यात अर्ध्या तासाला किंमत आहे आणि ती त्याच्या मुलांच्या ताटातून जाते. त्याला "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगणं सोपं आहे, पण त्यात न्याय नाही. वेळ काढता आला तरी जायचं कुठे? संभाजी तलाव, हुतात्मा बाग, पार्क मैदान हे सगळं पूर्व भागातून लांब. गल्लीत पदपथ नाही, असला तर त्यावर दुचाक्या. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणजे सकाळी सातनंतर चालणं मुश्कील. आणि सातच्या आत बाईमाणसाने अंधारात एकटीने निघायचं, तर गल्लीतला दिवा बंद. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी तर विषयच संपला. राष्ट्रीय पाहण्यांत पुरुषांपेक्षा बायकांची हालचाल कमी भरते, त्याला आळस म्हणणाऱ्याने एकदा आमच्या भागात पहाटे येऊन बघावं.

जागा मात्र आहेत, नुसत्या कुलूपबंद आहेत. जवळजवळ प्रत्येक पेठेत, प्रत्येक नगरात शाळा आहे आणि शाळेला मैदान आहे. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि रात्री जेवणानंतर तास-दीड तास ते मैदान उघडं ठेवायला काय लागतं? एक दिवा, एक शिपाई आणि एक आदेश. जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याने रात्रीची वाढणारी साखर खाली राहते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. दिवसभर सुपापुढे बसलेल्या बाईला तीच वेळ सोयीची. मालकांनी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं जोडावीत आणि त्या दहा मिनिटांची मजुरी कापू नये. हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. त्यापुढे मैदानाची किल्ली ही फार छोटी मागणी आहे.

छोटी, तरी ती मिळवायला आम्हाला चार महिने लागले. कोणत्या शाळेची ते लिहीत नाही. किल्ली दिली म्हणून मी त्यांचा आभारी आहे. "काही झालं तर जबाबदार कोण" या एका प्रश्नावर तीन बैठका झाल्या. शेवटी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी आणि मी सही करून जबाबदारी घेतली. दिवाळीनंतर मैदान सुरू झालं. पहिल्या दिवशी सहा बायका आल्या, साड्या खोचून, पायात घरातल्या चपला. बाई शिट्टी वाजवतात, शिट्टीला जोरात, पुढच्या शिट्टीला सावकाश. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच काठ्यांच्या, मिरवणुकीमुळे चार दिवस खंड पडला, तेव्हा वाटलं आता संपलं. पण त्या परत आल्या. नंदीध्वज पेलणाऱ्यांपैकी एकाची बायको त्यांच्यात आहे. ती म्हणाली, "आमचे हे काठी उचलायच्या आधी कितीतरी दिवस सराव करतात. आम्ही का करू नये?"

अक्काही येतात. साखर अजून पूर्ण आटोक्यात नाही, गोळी चालू आहे आणि ती चालूच राहायला हवी. सहा मिनिटांत पहिल्या दिवशी त्या ३४० मीटर चालल्या होत्या, परवा ४१५ चालल्या. बाईंच्या वहीत हे दोन्ही आकडे तारखेसह आहेत. समाजमंदिरातला जिना त्यांनी स्वतःहून चढून दाखवला, अठराही पायऱ्या, न थांबता, आणि वर पोचून खाली माझ्याकडे बघितलं.

वहीत आज एकतीस नावं आहेत. पुरुषाचं एकही नाही. रात्रपाळी सकाळी सुटते, माग बंद करून माणसं आमच्या फाटकावरूनच घरी जातात. त्या वेळी फाटकाला कुलूप लागलेलं असतं, कारण साडेसातला शाळा भरायची तयारी सुरू होते. त्यांच्यासाठी दुसरी जागा आम्ही अजून शोधतो आहोत.